सावकाशीचं वेळापत्रक

युरोपला जाऊन आलेल्या माणसाला मराठी घरात तीन प्रश्न विचारतात. किती देश झाले? माणशी किती पडले? आणि जेवणाचे हाल झाले का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं तरच पहिल्या दोन उत्तरांवर लोकांचा विश्वास बसतो. आम्ही या परीक्षेत सपशेल नापास झालो. देश एकच झाला, इटली. त्यातही रोम, व्हेनिस, फ्लॉरेन्स सोडून आम्ही लुक्का, बोलोन्या, फेरारा आणि रावेन्ना या गावांत बाडबिस्तरा टाकून बसलो. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी एका दमात सात देश केलेले आहेत. त्यांनी हे ऐकून माझ्याकडे करुणेनं पाहिलं आणि आवाज खाली आणत विचारलं, “का हो, बाकीची तिकिटं मिळाली नाहीत?”

ग्रुप टूरची चेष्टा करण्याचा माझा मुळीच विचार नाही. त्या व्यवस्थेचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तिथे बोल लावायला एक टूर मॅनेजर असतो. बसला उशीर झाला, आल्प्स ढगात गेले, आमटीत मीठ कमी पडलं, सगळ्याला तोच जबाबदार. आपापलं फिरायचं ठरवलं की हे पद घरातल्या घरात भरावं लागतं. आमच्याकडे ते मला मिळालं. बिनविरोध.

सावकाश प्रवासाची पहिली अडचण अशी, की त्याला व्हिसा मिळत नाही. म्हणजे मिळतो, पण प्रवास सावकाश आहे हे कागदावर दिसू द्यायचं नसतं. शेंगेन व्हिसाच्या अर्जाबरोबर किमान 30,000 युरोचं संरक्षण देणारा विमा, बँकेचे कागद, राहण्याची आरक्षणं आणि कुठल्या तारखेला कुठे असाल याचा तक्ता लागतो. ‘सकाळी उठून बघू’ असा रकाना त्या तक्त्यात नसतो. शेवटी बायकोनं लॅपटॉप पुढे ओढला आणि लिहिलं : ‘लुक्का – तटबंदी पाहणे.’ दुसऱ्या दिवसापुढे लिहिलं : ‘लुक्का – तटबंदी (उर्वरित).’ खिडकीपलीकडच्या मुलानं तो तक्ता वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला आणि अत्यंत अदबीनं विचारलं, “सर, यात रोम टाकायचं राहिलंय का?” विनोद असा की हाच व्हिसा नियमानं 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत राहण्याची मुभा देऊ शकतो. तीन महिने एका ओट्यावर बसून काढले तरी युरोपची हरकत नाही. हरकत असते ती आपल्या नातेवाइकांची.

बरं, ती तटबंदी खरोखरच दोन दिवसांची आहे. लुक्काभोवतीचा हा तट चार किलोमीटरहून थोडा मोठा आहे आणि त्याचा माथा इतका रुंद, की वर दुतर्फा झाडं लावून रस्ता केलाय. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला काम काढलं, ते सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललं. बुरूज, खंदक, तोफांच्या जागा, सगळं अगदी यथासांग. आणि मग शत्रूच आला नाही. एवढा खर्च करून एकही धड वेढा पडला नाही, हे ऐकून माझ्यातला मध्यमवर्गीय कासावीस झाला. पैसे वसूल झाले ते 1812 मध्ये, आणि तेही भलत्याच रीतीनं. सेर्किओ नदीला पूर आला, गावानं दरवाजे घट्ट लावून घेतले आणि पाणी बाहेरच थोपलं. तेव्हा लुक्कावर नेपोलियनची बहीण एलिसा हिचं राज्य होतं आणि ती नेमकी बाहेर अडकली होती. दरवाजा उघडावा तर पाणी आत येणार. तेव्हा राणीसाहेबांना यारीनं उचलून तटावरून आत घेतलं, असं गावात सांगतात. राज्यकर्त्याला त्याच्याच गावात सामानाच्या वाटेनं आत घ्यायचा हा प्रकार मला फार आवडला. तो इतर ठिकाणीही करून पाहण्यासारखा आहे.

पहिल्या दिवशी आम्ही तटाला पूर्ण फेरी मारली, कारण प्रदक्षिणा अर्ध्यात सोडायची नसते. घामाघूम होऊन निघालो होतो त्या बुरुजाशी पोचलो, तर मघाशी बाकावर बसलेल्या तीन आज्या तिथेच बसलेल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. मी घड्याळ पाहिलं. एक तास पाच मिनिटं. हे मी कुणाला तरी सांगणार होतो, पण ऐकायला कुणी उत्सुक दिसेना. दुसऱ्या दिवशी ‘उर्वरित’ सुरू झालं, म्हणजे आम्हीही बाकावर बसलो. अर्ध्या तासानंतर माझे पाय आपोआप हलायला लागले. “अहो, काय होतंय?” बायकोनं विचारलं. काही होत नव्हतं, हेच तर होत होतं. परदेशात एका मिनिटाला साधारण किती रुपये पडतात याचा हिशेब मी विमानातच केलेला होता, आणि समोर कुत्र्याला फिरवणारा माणूस सोडून त्या पैशात काहीच दिसत नव्हतं.

लुक्कात 45 मीटर उंचीचा एक मनोरा आहे. गुइनिजी घराण्याचा. त्याच्या गच्चीवर ओकची झाडं आहेत, कुंडीतली नव्हे, चांगली सावली देणारी. इतके जिने चढून कुणी झाडाखाली का बसावं, हा प्रश्न वर गेल्यावर पडत नाही. पिसा तिथून गाडीनं अर्ध्या तासावर आहे. गेलो, मनोरा कललेला आहे याची खात्री केली, परत आलो.

बोलोन्या हे मात्र जाणतं शहर आहे. तिथलं विद्यापीठ स्वतःचा जन्म 1088 सालचा मानतं, आणि तिथल्या पोरांची एक पक्की समजूत आहे की पदवी मिळण्याआधी आसिनेल्ली मनोरा चढला तर पदवी मिळत नाही. नापास होण्याची इतकी जुनी, इतकी उंच आणि इतकी सोयीची सबब जगात दुसऱ्या विद्यापीठाकडे नसावी. शहरभर रस्त्याच्या कडेनं छपराखालचे कमानदार पदपथ आहेत. सगळे मिळून 62 किलोमीटर. 2021 मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा म्हटलं. 1288 च्या कायद्यानं नव्या घराला असा पदपथ बांधणं सक्तीचं झालं, आणि त्याची उंची अशी ठरवली की घोड्यावर बसलेला माणूस खालून जावा. मुंबईच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या इमारतींना अशाच कमानी आहेत. तिथेही त्या 1896 च्या नियमानं सक्तीच्या झाल्या. फरक एवढाच की बोलोन्यात त्या कमानींखालून चालता येतं.

या शहराचा नूडल्सच्या बाबतीतला काटेकोरपणा तर थेट काळजाला भिडतो. बोलोन्यात ‘स्पघेत्ती बोलोन्येज’ मागायचं नसतं. मागितलं तर वेटर आपल्याकडे वैद्यकीय नजरेनं पाहतो. तिथला खिम्याचा रस्सा खायचा तो ताल्यातेल्ले नावाच्या चपट्या पट्ट्यांबरोबर. ती पट्टी किती रुंद असावी यावर वाद नको म्हणून 1972 मध्ये सोन्याची एक नमुना-पट्टी करून चेंबर ऑफ कॉमर्सच्या ताब्यात दिली. शिजल्यावर रुंदी आठ मिलिमीटर. आणि ही आठ मिलिमीटर म्हणजे आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270 वा भाग, असाही अधिकृत हिशेब केलेला आहे. रश्शाची कृती 1982 मध्ये त्याच चेंबरमध्ये रीतसर नोंदवली. उकडीच्या मोदकाला कळ्या किती, हा प्रश्न आपण असाच व्यापारी मंडळाकडे सोपवला असता, तर कित्येक घरांतले गणेशोत्सव शांततेत पार पडले असते.

आम्ही शाकाहारी असल्यामुळे ती सोन्याची रुंदी ताटात मोजण्याची वेळ आली नाही. या प्रांतात शाकाहारी माणसाचं कौतुक होतं, पण सोय होत नाही. मटारसारखी दिसणारी गोष्टही आतून डुकराशी नातं सांगते. साध्या पोळीवजा पियादिनातही पारंपरिक कृतीत चरबी असते. त्यातून वाचवलं ते फेरारानं. तिथे लाल भोपळ्याचं सारण भरलेली मोठी, टोपीच्या आकाराची पास्त्याची करंजी करतात, काप्पेलाच्ची दि झुक्का नावाची. पहिल्या घासाला मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बायको माझ्याकडे रोखून बघत होती. घरात लाल भोपळा आला की मी बाहेर जेवायला जातो, हे तिला एवढ्या लांबही आठवत होतं.

बोलोन्यात आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला तो एका उन्हाच्या कवडशापायी. मुख्य चौकातलं सान पेत्रोनिओ हे प्रचंड चर्च दर्शनी बाजूनं अर्धं संगमरवरी आणि अर्धं विटांचं आहे. काम राहिलं ते राहिलं. कित्येक शतकं त्याबद्दल कुणी घाई केलेली नाही, ही त्या गावाबद्दलची माझी पहिली अनुकूल टिप्पणी. आत फरशीवर 1655 साली कास्सिनी नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं जवळजवळ 67 मीटर लांबीची एक पट्टी आखून ठेवलीय. शनीकडे गेलेल्या यानाला नाव दिलं होतं तो हाच कास्सिनी. वर सत्तावीस मीटरवर छतात एक बारीक भोक आहे. त्यातून सूर्याचं बिंब खाली फरशीवर पडतं, सरकत सरकत येतं आणि बरोबर माध्यान्ही ती पट्टी ओलांडतं. कुठल्या जागी ओलांडतं त्यावरून वर्षातला दिवस कळतो.

गंमत अशी की बोलोन्यात घड्याळाचे बारा वाजतात तेव्हा सूर्याचे वाजलेले नसतात, कारण ज्या रेखांशावर इटलीचं घड्याळ लावलंय त्याच्या हे गाव बरंच पश्चिमेला आहे. आम्ही मार्चमध्ये होतो. तेव्हा सूर्याची वेळ घड्याळाच्या साडेबाराच्या जरा अलीकडे येत होती. पहिल्यांदा गेलो तेव्हा ढग होते. ग्रुप टूरमध्ये एकदा सूर्य चुकला की चुकला, तो ब्रोशरमधून रद्द. आमच्यापुढे मात्र दुसरा कार्यक्रमच नव्हता, म्हणून परत गेलो. ऊन होतं. फरशीवर ताटलीएवढा उजेड पडलेला, आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसेल अशा वेगानं सरकत होता. म्हणजे पृथ्वी फिरताना दिसत होती, आणि तीही विनातिकीट. मी खिशातला हिशेब काढला नाही. आजूबाजूला दहा-बारा माणसं जमली, त्यात एका शाळेची मुलं. बिंब पट्टीवर आलं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. सूर्यानं काही खास केलं नव्हतं. रोजचंच काम होतं.

मधे एक दिवस रेल्वेचा संप झाला. इटलीतल्या संपाबद्दल मला आदर आहे. तो आधी जाहीर होतो, त्याचं वेळापत्रक निघतं, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ काही गाड्या हमखास सोडतात. म्हणजे तिथे संपसुद्धा दुपारच्या जेवणाचा विचार करून केला जातो. स्टेशनवर दोन प्रकारची माणसं होती. एक, ज्यांचं व्हेनिसचं हॉटेल आजपासून बुक होतं. ती फोनवर ओरडत होती. दुसरे आम्ही.

रावेन्नाला पोचलो ते भर दुपारी. दुकानं बंद, बरीच चर्चही बंद, रस्त्यावर एक मांजर. साधारण एक ते चार गाव झोपतं. या मुद्द्यावर जे वाक्य तुमच्या ओठांवर आलंय ते मी लिहिणार नाही. पुणेकरांना पुरेसं सोसावं लागतं.

हे झोपलेलं गाव एकेकाळी पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी होतं, 402 सालापासून. भोवती दलदल, म्हणून शत्रूला पोचायला अवघड. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला अजूनही ते जरा आडबाजूलाच पडतं, म्हणूनच बरं आहे. आत मोझाइक आहेत. सान विताले या चर्चमध्ये एका भिंतीवर सम्राट जस्टिनियन आणि समोरच्या भिंतीवर सम्राज्ञी थिओडोरा, दरबाऱ्यांसकट, सोनेरी पार्श्वभूमीवर, थेट आपल्याकडे बघत उभे. चर्च 547 साली पवित्र केलं, तेव्हापासून ते तसेच उभे आहेत. आणि ही दोघंही रावेन्नाला आल्याची कुठेही नोंद नाही. म्हणजे न जाता फोटो काढण्याची युक्ती आपल्याला वाटते तेवढी नवी नाही; आणि दीड हजार वर्षांत त्यांना एकानंही विचारलं नाही, की तिथे जेवणाचं काय केलंत.

याहून भारी भिंत सान्त आपोलिनारे नुओवो या दुसऱ्या चर्चमध्ये आहे. इथे गॉथांचा राजा थिओडोरिक यानं आपला राजवाडा दरबाऱ्यांसह मोझाइकमध्ये रंगवून घेतला होता. पुढे सत्ता बदलली. नव्या मंडळींना जुने चेहरे नको होते, म्हणून त्यांनी ती माणसं काढून त्या जागी पडदे बसवले. पण खांबांवरचे हात काढायचे राहिले. आजही कमानींत पांढरे पडदे लटकताहेत आणि मधल्या खांबांवर धड नसलेले पंजे आहेत. आधी दिसत नाहीत. दहा मिनिटं मान वर करून बसलं की एक दिसतो, मग दुसरा. आम्ही हात मोजत असताना एक मोठा गट आत आला, गाइडनं छत्री उंच केली, ‘सहावं शतक’ म्हणाली, सगळ्यांनी फोन वर केले आणि गट गेला. त्या सगळ्यांच्या फोनमध्ये आता ते हात आहेत. त्यांना ठाऊक नाही, एवढंच.

थिओडोरिकची कबर गावाबाहेर आहे. तिचं छप्पर म्हणजे एकाच शिळेचं, दहाएक मीटर व्यासाचं झाकण, आणि त्याला एक भेग आहे. भविष्य होतं म्हणे, की राजा विजेनं मरेल. म्हणून तो या दगडाखाली दडून बसला आणि वीज दगड फोडून आत शिरली. आत राजा नाही. जांभळ्या दगडाचं, न्हाणीघरातल्या टबासारखं एक भांडं आहे.

आत माणूस नसणं ही रावेन्नाची परंपराच आहे. गाल्ला प्लाचिदियाच्या समाधीत निळ्या आकाशात चांदण्या आहेत, इतक्या सुंदर की आत फार वेळ थांबू देत नाहीत. पण ती बाई वारली रोमला, आणि बहुधा तिथेच पुरली गेली. उलट फ्लॉरेन्सच्या सान्ता क्रोचेमध्ये महाकवी दान्तेचं भलंमोठं स्मारक आहे, तेही रिकामं, कारण दान्ते इथे आहे. फ्लॉरेन्सनं 1302 मध्ये त्याला हद्दपार केलं आणि परत आलास तर जाळू असं बजावलं. तो 1321 मध्ये रावेन्नात वारला. मग फ्लॉरेन्सला त्याची आठवण येऊ लागली. 1519 मध्ये मेदिची घराण्यातल्याच पोपची परवानगी घेऊन माणसं अस्थी न्यायला आली. उघडून पाहतात तर पेटी रिकामी. शेजारच्या मठातल्या साधूंनी मागच्या भिंतीला भोक पाडून अस्थी आधीच लांबवल्या होत्या. त्या सापडल्या 1865 मध्ये, डागडुजी करताना, एका भिंतीत. फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेनं ती शिक्षा रद्द केली 2008 मध्ये, आणि तेव्हाही ठराव एकमतानं झाला नाही. दान्तेच्या कबरीवरच्या दिव्याचं तेल मात्र दर वर्षी फ्लॉरेन्स पाठवतं. बायकोचं म्हणणं पडलं, की हयातीत नीट वागायचं आणि नंतर तेलाचे पैसे वाचवायचे.

कबरीला लागून सान फ्रान्चेस्कोचं चर्च आहे. दान्तेचा अंत्यविधी तिथलाच. वेदीखाली तळघर आहे आणि ते जमीन खचल्यामुळे कायमचं पाण्यात आहे. पाण्याखाली जुनं मोझाइक, वर कमानी, आणि त्यात सोनेरी मासे. अंधार असतो, भिंतीवरच्या पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळानं विझतो. सारं चर्च एका छोट्या खिडकीपुढे ओणवं होऊन नाण्यांची देवाणघेवाण करत होतं. एका जर्मन जोडप्याचा दिवा लागला की आम्ही बघायचं, आमचा लागला की त्यांनी. अशा रीतीनं अर्ध्या खर्चात दुप्पट मासे पाहून झाले. त्या सबंध प्रवासात मला निखळ वसुलीचं समाधान मिळालं ते इथे.

जायचं असेल तर बोलोन्याहून रावेन्नाला साध्या गाडीनं सव्वा तास लागतो. मोझाइकच्या मुख्य चर्चचं एकत्र तिकीट मिळतं आणि गाल्ला प्लाचिदियासाठी वेळ आधी नोंदवावी लागते. थिओडोरिकचे पुसलेले दरबारी पाहायला आत शिरल्यावर उजव्या भिंतीचं प्रवेशद्वाराकडचं टोक गाठा आणि मान दुखेपर्यंत हलू नका. खिशात सुटी नाणी ठेवा. माशांना नोट चालत नाही.